व्यवहारांतील पदार्थविज्ञान : उंच गाडी आणि आडवा उतार

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या सातारा-सांगलीकडील घरांच्या अंगणांत एक नवें वाहन येऊन उभें राहिलें आहे. पूर्वीं जेथें सायकल किंवा फार तर स्कूटर असे, तेथें आतां मोठ्या चाकांची, उंच पोटाची, चौकोनी बांध्याची मोटार दिसते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एस्. यू. व्ही. म्हणतात, आपण या लेखापुरतें तिला उंच गाडी म्हणूं. दसऱ्यास तिला झेंडूचा हार पडतो, आणि पहिल्याच पावसाळ्यांत घरांतील तरुण मंडळी ती घेऊन कास, ठोसेघर, चाळकेवाडी नाहींतर चांदोलीच्या बाजूस निघतात. निघतांना आजी विचारते, "वाट नीट आहे ना रे?" आणि उत्तर ठरलेलें असतें, "आजी, या गाडीला वाट लागतच नाहीं!"

या उत्तरांत निम्में सत्य आहे. उंच गाडीचें पोट जमिनीपासून वर असल्यामुळें साध्या मोटारीस अडविणारे दगडधोंडे ती सहज ओलांडते, आणि चारहि चाकांस इंजिनाचा जोर मिळत असल्यास चिखलांतूनहि निघते. परंतु ज्या उंचीमुळें पोट वांचतें, त्याच उंचीमुळें तोल धोक्यांत येतो, हें उरलेलें निम्में सत्य. दगडावर अडकलेली गाडी संध्याकाळपर्यंत निघते. कलंडलेल्या गाडीची गोष्ट तशी नाहीं. म्हणून या दुसऱ्या भागाचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय नवा नाहीं, केवळ वाहन नवें आहे. सुगीनंतर कडब्यानें उंच भरलेली बैलगाडी शेतांतून रस्त्यावर आणतांना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस यांतील मर्म ठाऊक आहे. बांधाचा उतार आला कीं गाडीवान खालीं उतरतो, बैलांस थोपवितो, दोघे गडी वरच्या अंगास दोर धरून चालतात, आणि एकेक चाक जपून खालीं घेतलें जातें. त्याच गाडींत तितक्याच वजनाचीं हळदीचीं पोतीं भरलीं, तर तोच गाडीवान निर्धास्त बसून राहतो. वजन तेंच, चाकें तींच, आंख तोच. (आंख हा शब्द संस्कृत 'अक्ष' शब्दाचा वंशज आहे, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) भेद एवढाच कीं कडब्याचें वजन उंचावर आहे आणि पोत्यांचें खालीं.

आतां दुसरें उदाहरण घ्या. ऋषिपंचमीस तासगांवच्या गणपतीचा तीन मजली रथ भाविक लोक दोरांनीं ओढतात. एवढा उंच रथ डगमगत नाहीं, याचें कारण उघड आहे. तो सपाट रस्त्यावर चालतो, सरळ चालतो आणि माणसाच्या पावलानें चालतो. उंच वाहनानें सुरक्षित चालावें कसें, याच्या या तीन अटी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

यांतील शास्त्र शाळेंतील मुलासहि समजण्यासारखें आहे. कोणत्याहि वस्तूचें सारें वजन जणूं एका बिंदूंत सांठविलेलें असावें, असा एक बिंदु कल्पितां येतो. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. या बिंदूपासून गवंड्याचा ओळंबा खालीं सोडला, आणि तो दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आंत पडला, तर गाडी उभी राहते. गाडी तिरपी होतां होतां ओळंबा खालच्या चाकाच्या बाहेर गेला, कीं ती कलंडलीच. गुरुत्वमध्य जितका खालीं आणि चाकें जितकीं लांब लांब, तितका ओळंबा बाहेर जाण्यास उशीर लागतो.

घरीं मुलांकडून एक प्रयोग करवून घ्यावा. भरलेली आगपेटी लाकडी पाटावर आडवी ठेवा आणि पाट एका बाजूनें हळूहळू उचला. पेटी पडणार नाहीं, घसरेल. तीच पेटी पाटावर अरुंद बाजूवर उभी करून पाट उचला. आतां ती घसरण्यापूर्वींच उलटेल. मग पाट सपाट ठेवून ती उभी पेटी बोटानें खालच्या कडेशीं हलकेच सरकवा. पाट गुळगुळीत असेल तर ती सरकत राहील. मध्यें एक लहानशी पट्टी आडवी ठेवा. पेटीचा पाय पट्टीस अडला कीं पेटी तोंडावर पडेल. पेटी घसरणें, उलटणें आणि अडखळून उलटणें, हे जे तीन प्रकार मुलांनीं पाहिले, तेच मोठ्या गाडीच्या बाबतींत घडतात.

आतां थोडें गणित. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. जो अंक येतो, तो त्या गाडीच्या स्थैर्याचें माप. अमेरिकेंत २००१ सालच्या नमुन्यांपासून तेथील सरकार या मापावरून गाड्यांस तारका देऊं लागलें. साध्या बसक्या मोटारींचा हा अंक बहुधा १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांचा १ ते १.२५. अंशांत सांगावयाचें तर साधी मोटार कागदावरील हिशेबानें ५२ ते ५६ अंश तिरपी झाल्यावर कलंडते, आणि उंच गाडी ४५ ते ५१ अंशांवर.

येथें वाचक म्हणतील, ४५ अंश म्हणजे पुष्कळच झाले! घरांतला जिना ३० ते ३५ अंशांचा असतो, आणि घाटरस्त्याचा चढ तर बहुधा तीन-चार अंशांहून अधिक नसतो. मग भीति कसली? या शंकेचें समाधान वहींत जमाखर्च मांडल्यानें होईल.

एक उंच गाडी घ्या. चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर, वजन १,७०० किलो. तिची मुद्दल ४७ अंश. सहलीस निघतांना टपावर तंबू, पाण्याचे डबे व जास्तीचें चाक मिळून १५० किलो सामान बांधलें. टप सामानासह सुमारें १९० सेंटिमीटर उंचीवर. तेव्हां गुरुत्वमध्य जवळजवळ ८० सेंटिमीटरवर चढला. ४ अंश खर्चीं पडले, उरले ४३. आतां गाडी डोंगराच्या कुशीनें १५ अंशांच्या आडव्या उतारावर चालली, उरले २८. खालच्या अंगाचीं चाकें २० सेंटिमीटर खोल चाकोरींत उतरलीं. ८ अंश गेले, उरले २०. त्याच वेळीं वरच्या अंगाचीं चाकें २० सेंटिमीटर उंच धोंड्यावर चढलीं; आणखी ७ गेले, उरले १३. मग चालकास वाटलें, वर चढून मोकळें व्हावें. त्यानें २० मीटर त्रिज्येच्या वळणानें ताशीं २० किलोमीटर वेगानें गाडी चढाकडे वळविली. वळणारी गाडी बाहेरच्या बाजूस, म्हणजे येथें दरीकडे, ढकलली जाते; तो ढकला ९ अंशांच्या कलाएवढा. शिल्लक ४ अंश. आणि या हिशेबांत स्प्रिंगांचा दबाव, टायरांचें चेपणें, पुढील आसनावरील धिप्पाड माणूस खालच्या बाजूस झुकणें, हीं देणीं अद्याप धरलींच नाहींत. स्प्रिंगा मऊ असतील तर उरलेले ४ अंश त्याच खाऊन टाकतात. ही गाडी पडणार.

यांत कोणताहि एक खर्च मोठा नाहीं. प्रत्येक वेळीं चालकास वाटतें, "एवढ्यानें काय होतें?" उधळ्या माणसाचें घर जसें एका मोठ्या खर्चानें नव्हे, तर अशा दहा लहान खर्चांनीं बसतें, तसाच हा प्रकार आहे. शिवाय घरच्या वहींत शिल्लक दिसते. येथें ती कोणी लिहून ठेवीत नाहीं.

वेगाचा खर्च विशेष जपण्यासारखा आहे, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वरच्याच वळणावर ताशीं २० किलोमीटरला ९ अंश खर्च झाले. ताशीं ४० ला ते १८ होत नाहींत, ३२ होतात. रथास पावलाच्या वेगानें चालविणाऱ्या आमच्या पूर्वजांस हें समीकरण ठाऊक नसेल. पण त्याचें उत्तर ठाऊक होतें.

आतां आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळूं. सातारा व सांगली एकमेकांस लागून असले तरी त्यांची भूमि भिन्न आहे, आणि गाडी उलटण्याची तऱ्हाहि त्यामुळें भिन्न आहे.

साताऱ्याच्या पश्चिमेस जांभ्या दगडाचे सपाट माथे आहेत. त्यांस आपण सडा म्हणतों. सडा सपाट दिसतो, म्हणून तरुणांस तेथें गाडी फिरविण्याचा मोह होतो. परंतु पावसाळ्यांत त्या दगडावर शेवाळ धरतें, वर आंखूड गवत असतें, आणि चाकांस पकड राहत नाहीं. आगपेटी जशी गुळगुळीत पाटावर घसरली, तशी गाडी घसरते. मोकळ्या मैदानांत घसरण्यानें फारसें बिघडलें नसतें. पण सड्याची कड एकाएकीं तुटलेली असते, आणि धुक्यांत ती दिसत नाहीं. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत पाटण तालुक्यांतील सडावाघापूरच्या वाटेवर, गुजरवाडीजवळच्या टेबल पॉइंट नांवाच्या जागीं, अशा ओल्या भूमीवर मोटार गरगर फिरवितांना ती सुमारें ३०० फूट दरींत गेली. चालविणारा तरुण गंभीर जखमी झाला. जीव वांचला हें त्याचें नशीब. तेथें गाडी उंच होती कीं बसकी, हा प्रश्न गौण ठरतो. भूमि ओली असतां कडेजवळ खेळ करणें हेंच मूळ.

कासच्या सड्याविषयीं आणखी एक गोष्ट. हें पठार २०१२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणलें गेलें. तेथील फुलें मातीच्या पातळ थरावर जगतात. तेथें मोटारीचें चाक गेलें, तर तोल सांभाळूनहि नुकसान होतेंच. सड्यावर गाडी घालूं नये, याचें हें दुसरें कारण; आणि सुशिक्षित घरांस हें पहिल्याइतकेंच वजनदार वाटावें.

सांगलीकडे, विशेषतः कृष्णा-वारणेच्या कांठीं, काळी रेगूर माती. तेथें दऱ्या नाहींत, म्हणून भय नाहीं असें समजण्याची चूक होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर एकाएकीं वळण घेतलें, तर बहुधा चाकें प्रथम घसरतात, आणि घसरल्यामुळेंच गाडी वांचते. पण तीच गाडी आडवी घसरत रस्त्याच्या कडेच्या मऊ मातींत शिरली, कीं चाकें तींत रुततात, मातीचा ढीग चाकांपुढें सांचतो, आणि वरचें वजन मात्र पुढें जाऊं पाहतें. पट्टीस अडलेल्या आगपेटीची ही स्थिति. जगांत एकट्या वाहनाचे उलटण्याचे जे अपघात होतात, त्यांतील बहुतेक असे अडखळूनच होतात. शेताचा बांध, पाटाची कड, उसाच्या ट्रॉल्यांनीं पाडलेल्या खोल चाकोऱ्या, हीं सर्व अडखळण्याचीं स्थळें. उसाच्या हंगामांत रस्त्याच्या कडेस पडलेली ट्रॉली आपण नेहमीं पाहतों. उंच भार आणि मऊ कड यांच्या गांठीचें तें फळ असतें. सरळ मार्गानें जाणारी उंच गाडी या कडेवर उतरवावी लागलीच, तर वेग कमी करून, एकेक चाक जपून उतरवावें. भरवेगांत बाहेर गेलेली चाकें हिसका देऊन परत रस्त्यावर ओढूं नयेत.

ओढ्या-नाल्यांविषयींहि थोडें. आपल्या महिंद्र कंपनीची थार गाडी २०२० सालीं नव्या रूपांत निघाली. तिचें पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, आणि ६५० मिलिमीटर पाण्यांतून ती जाऊं शकते, असें तिच्या माहितींत दिलेलें आहे. हे आंकडे वाचून पुलावरून पाणी वाहत असतां गाडी घालण्याचें धाडस होतें. परंतु ती खोली स्थिर पाण्याची समजावी. पाण्यांत बुडालेला भाग हलका होतो, चाकांची भूमीवरील पकड सुटते, आणि वाहतें पाणी गाडीस बाजूनें रेटतें. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णेचे पूर पाहिलेल्या सांगलीकरांस वाहत्या पाण्याचा जोर निराळा सांगावयास नको.

मग डोंगरांतून जाऊंच नये काय? तसें नाहीं. १९४७ सालीं याच कंपनीनें मुंबईस जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढें रस्ता नसलेल्या कितीतरी गांवीं डॉक्टर, इंजिनियर आणि मामलेदार जीपमधूनच पोंचले. जीपहि उंच आणि अरुंदच होती. ती नीट चालविणारे चालक जे नियम पाळीत, तेच आजहि पुरे आहेत.

चढ असो वा उतार, गाडी सरळ वर किंवा सरळ खालीं न्यावी; उतारास आडवी नेऊं नये. गाडीची लांबी रुंदीहून बरीच अधिक असल्यामुळें ती पुढें-मागें सहसा उलटत नाहीं, बाजूस उलटते. वाट अवघड दिसल्यास प्रथम उतरून पायीं पाहून यावें, खळगा व धोंडा कोठें आहे तें ध्यानांत घ्यावें. मुलांच्या कंपासपेटींतील कोनमापकाच्या मध्यास दोरा व खडा बांधला कीं उतार मोजण्याचें यंत्र तयार होतें. आडवा उतार १५ अंशांहून अधिक भरला, तर नवख्यानें निमूटपणें परत फिरावें. चढ अर्ध्यावर थांबला तर गाडी तेथेंच वळविण्याचा प्रयत्न प्राणघातक होय, कारण वळतांना ती पुरी आडवी होते. ब्रेक दाबून, उलटा गियर टाकून, आल्या वाटेनेंच सरळ मागें यावें. क्लच दाबून गाडी मोकळी सोडूं नये. उतारावर खालच्या गियरांत, इंजिनाच्या आधारें उतरावें. आडव्या उतारावर वरचीं चाकें हलकीं वाटूं लागलीं, तर स्टिअरिंग उताराकडे वळवावें. मन चढाकडे ओढ घेतें, पण तें मानूं नये. जड सामान टपावर नव्हे, तळाशीं ठेवावें. अवघड जागीं चालकाखेरीज सर्वांनीं खालीं उतरून, वरच्या अंगास दूर उभें राहावें. आणि सीटबेल्ट प्रत्येकानें, मागच्या आसनावरील लहान मुलांनींहि, बांधलेला असावा. गाडी उलटली असतां जे दगावतात, त्यांतील पुष्कळ जण गाडीबाहेर फेकले गेल्यामुळें दगावतात. हात बाहेर काढून पडती गाडी थोपवितां येत नाहीं. हात मात्र जातो.

नवीं यंत्रें किती साह्य करितात, असा प्रश्न सुज्ञ वाचक करतील. १९९७ सालीं स्वीडनमध्यें एका मासिकानें मर्सिडीजची नवी छोटी मोटार आडवें येणारें जनावर चुकविण्याच्या परीक्षेस लावली. ती उलटली, आणि मोठी खळबळ उडाली. त्यानंतर कंपनीनें त्या सर्व गाड्यांत घसरणें सांवरणारी विद्युत्-योजना बसविली. चाक घसरूं लागतांच ती त्या त्या चाकाचा ब्रेक आपोआप दाबून गाडी रेषेवर ठेवते. अमेरिकेंत २०१२ च्या नमुन्यांपासून हलक्या वाहनांस ती सक्तीची झाली. रस्त्यावर तिचा उपयोग निःसंशय मोठा आहे. परंतु १५ अंशांच्या उतारावर एक चाक खळग्यांत आणि एक धोंड्यावर असलेल्या गाडीचा ओळंबा ती आंत आणूं शकत नाहीं. तीच गोष्ट तारकांची. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एन्कॅप परीक्षा समोरून व बाजूनें बसणाऱ्या धडकेंत आंतील माणसांचें काय होतें हें पाहते. गाडी किती तिरपी झाली असतां कलंडेल, हें ती पाहत नाहीं. पांच तारकांची गाडी चांगली खरी, पण त्या तारका आडव्या उताराबद्दल कांहीं सांगत नाहींत.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंति. एकत्र कुटुंबांत अशी गाडी एकट्याची नसते. सहलीस निघतात तेव्हां तींत थोरल्याचे दोन मुलगे, धाकट्याची मुलगी, आत्याकडून सुटींत आलेला भाचा, अशीं सात-आठ मुलें दाटीवाटीनें बसतात. एका घराच्या चारहि चुलींचा ठेवा एका गाडींत असतो. गाडी एकदां उलटली तर घराची एकच फांदी मोडत नाहीं. म्हणून "जपून जा रे" एवढ्यावर न थांबतां नेमकें विचारावें : टपावर काय बांधलें आहे? गाडींत किती जण आहेत? वाट उभी आहे कीं आडवी? पाऊस आहे काय? आणि वाट वाईट निघाली तर परत फिराल ना? या शेवटच्या प्रश्नास तरुणांनीं मोकळेपणानें होकार द्यावा, आणि अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मुलाची घरांत कोणीं थट्टा करूं नये. परत येण्याची लाज वाटूं लागली, म्हणजे माणूस नको त्या उतारावर गाडी घालतो.

आगपेटीचा प्रयोग ज्या घरीं होईल, तेथील बाळगोपाळांनीं पाट किती अंश उचलल्यावर पेटी उलटली, हें मोजून कळवावें. पुढील अंकीं त्या आंकड्यांचा ताळा करूं.